एक दिवस येऊ नको

त्रिंबक गुरुजींची सगळी हयात लेकरांना शाळेत बोलावण्यात गेली. आष्टी तालुक्यातलं त्यांचं अर्धं गाव दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचं. ट्रॅक्टर गावात शिरला की दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी दारोदार हजर. लेकरं वाचायचं विसरून आलेली असत. गुरुजी पुन्हा काना-मात्रेपासून धरत. तोडीला नेणारा मुकादम परवडला, पण हा माणूस पिच्छा सोडत नाही, अशी गावात त्यांची चेष्टा चाले.

मग मुलांच्या चाचणीवरून शिक्षकांचं मूल्यमापन आलं. तालुक्याच्या बैठकीत शिक्षणखात्याचे साहेब पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "संशोधन सांगतं, मुलाच्या प्रगतीत सर्वांत मोठा वाटा शिक्षकाचा." ते संशोधन कुठल्या मुलखात झालं, तिथली लेकरं अर्धं वर्ष उसाच्या फडात असतात का, हे विचारायची सोय नव्हती. एप्रिलच्या चाचणीत गुरुजींचा वर्ग तळाला गेला. सगळ्यांदेखत त्यांना उभं केलं. पुन्हा असं झालं तर निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागणार होती.

मुख्याध्यापक आसाराम हसले. "तुमी लई साधे, गुरुजी. तोडीची पोरं चाचणीला बसवता कावून? समदे मास्तर त्यान्ला घरीच ठेवत्यात."

पुढच्या वर्षी चाचणीच्या आदल्या दिवशी गुरुजी त्याच दारांवर गेले. सातवीतली रोहिणी दप्तर भरत होती. "उद्या चाचणी हाय, एक दिवस येऊ नको, बाळ," असं म्हणताना त्यांना स्वतःची शरम वाटली. तिनं दप्तर पुन्हा खुंटीला अडकवलं.

त्यानंतर ती आलीच नाही. तोंड दाखवायची लाज वाटून गुरुजीही आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. तेवढ्यात निकाल लागला. वर्ग वर चढला होता. साहेबांनी बैठकीत टाळ्या वाजवायला लावल्या. शिक्षक बदलला की मुलं बदलतात, संशोधन खरं ठरलं म्हणाले. त्या टाळ्या गुरुजींना सहन होईनात. ते तडक रोहिणीच्या घरी गेले.

अंगणात मांडव होता. तिची आई सरस्वतीबाई म्हणाली, "सोमवारी लगीन हाय, गुरुजी. औंदा तिचाबी कोयता." कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी.

"अहो, लहान हाय ती! मी एकच दिवस नको म्हणलं होतं."

"तिचा बाप म्हनला, गुरुजीच नको म्हनत्यात, मग पोरीच्या डोक्यात काय न्हाई. तुमच्याबिगर आमाला कोन सांगनार?"

रोहिणी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"गुरुजी, आपला वर्ग पास झाला का?"

"झाला," गुरुजी म्हणाले.

"बरं झालं मी न्हाई आले," ती म्हणाली.