करंगळीचे मास्तर

गावंडे सर टाइप केलेला कागद वाचत नसत. मशीनमधून काढून हातात दिला की ते तो उलटा करत, खिडकीजवळ नेत आणि पाठीमागे उठलेल्या अक्षरांच्या खुणांवर अंगठा फिरवत. पुढे काय छापलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. मग मान न वळवता म्हणत, "प्रज्ञा, जेवली नाही तू आज. डावा हात सारा ढिला पडला." आणि मी खरोखरच उपाशी आलेली असे. अमरावतीला राजापेठेत, एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. सगळ्या मशिनींचा मिळून असा खडखडाट चाले की खालचा दुकानदार गिऱ्हाइकाशी खुणांनी बोलायचा.

माझे वडील नुकतेच वारले होते आणि टायपिंगची परीक्षा पास झाले तरच मला नोकरी लागणार होती. घोडं अडलं होतं डाव्या करंगळीपाशी. तिच्या वाट्याचं 'ए' हे अक्षर कायम फिकं उमटायचं. मी सरांना म्हटलं, माझ्या मशीनला नवी रिबन लावून द्या, सगळं ठळक येईल. सर म्हणाले, "रिबन बदलली तर अक्षर काळं होईन. बोट तसंच राहीन. मंग हाफिसात काय माही रिबन घेऊन जाशीन?" मी मनातल्या मनात त्यांना खडूस म्हातारा म्हटलं. ते तेव्हा जेमतेम पंचेचाळीसचे असतील. जुन्या रिबनीवर महिनाभर एकट्या करंगळीला राबवलं, पास झाले आणि नोकरीला लागले, ती आजतागायत.

पुढे कॉम्प्युटर आले, क्लास बंद पडला आणि सर अकोल्याला मुलाकडे राहायला गेले. दिवाळीला मी फोन करायची. एरवी त्यांची आठवण यायची ती ऑफिसातली आजकालची मुलं दोन बोटांनी टाइप करताना बघितली की.

माझी मुलगी जुई लहानपणापासून छोटा कीबोर्ड वाजवते. तिच्या संगीताच्या बाईंनी सांगितलं होतं की आता हिला पूर्ण लांबीचा, जड पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. दहावी झाली की घेऊ, असा मी शब्द दिला होता. दहावी झाली आणि आठवड्याभरात खिडकीची काच फुटून जुईचा उजवा हात कापला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हींच्या शिरा तुटल्या. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम केला तर बोटं परत येतील, नाही केला तर अशीच आखडून राहतील. जुईनं व्यायामाचा रबरी चेंडू पलंगाखाली भिरकावला आणि कीबोर्ड चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. "पियानो नको मला," म्हणाली. मीही हट्टाची. घेणार म्हणजे घेणार. पण कुठला? अमरावतीतल्या दुकानदारानं जे काही सांगितलं ते सगळं डोक्यावरून गेलं. अकोल्यात मोठं दुकान आहे असं कळलं, म्हणून सरांना फोन केला.

"मले संगीतातलं काई समजत नाही," सर म्हणाले. "सुरांचं तुमी पाहा. बोटाचं मी पायतो."

एसटीनं आम्ही मायलेकी निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत जुई एक अक्षर बोलली नाही, नंतरही नाही. सर दुकानाच्या दारात उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. दुकानदारानं मोठ्या उत्साहानं सुरुवात केली. यात पाचशे आवाज आहेत, यात तबला आहे, ढोलक आहे. सर म्हणाले, "भाऊ, पयले बंद करा."

"बंद करून काय समजेल काका?"

"मले तेवढंच समजते."

बंद पियानोवर ते डावीकडून एकेक पट्टी करंगळीनं दाबत गेले. दुकानदाराचा चहा निवला. पहिल्या पियानोबद्दल ते म्हणाले, "हे बोटाले लोटून देऊन राहिलं. बोटाले काई कामच नाही ठेवलं." दुसऱ्याच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या संपवून ते गंभीरपणे दुकानदाराकडे वळले. "याच्यात बिघाड हाये. डाव्या अंगाले जड, उजव्या अंगाले हलकं."

दुकानदार हसला. "काका, पियानो असाच राहते. खर्जाकडे जड, वरच्या सुरांकडे हलका. मुद्दाम बनवतात तसा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांना त्याचं काही नव्हतं. ते जुईला म्हणाले, "म्हणजे तुहा दुखरा हात हलक्या बाजूले येते. मंग हे तुह्याच कामाचं हाये न वं." जुईनं त्या दिवसात पहिल्यांदा मान वर केली.

पियानो सुरू केला. जुईनं करंगळीनं एक पट्टी दाबली. आवाज आला न आला असा. तिचा चेहरा उतरला. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "ताई, यात एक सोय आहे. कसंही दाबा, सगळे सूर सारखेच वाजतात." मी लगेच म्हटलं, करा तसं. सर म्हणाले, "नका करू."

मला राग आला. "सर, ती रडेल."

"रडू दे. जेवढं बोट दाबते तेवढंच वाजू दे. तिले समजलं पाहिजे न."

पियानो घरी आला. जुई रोज बसायची आणि रोज रडायची. स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकणं मला सोसवेना. एका दुपारी ती कॉलेजला गेल्यावर मी माहितीपुस्तक उघडलं, चष्मा लावून ती सोय शोधली आणि सुरू करून टाकली. त्या दिवसापासून घरात छान गाणी वाजू लागली. रडणं थांबलं. मी पोळ्या लाटताना गुणगुणायला लागले.

दर रविवारी सकाळी जुई फोन पियानोवर ठेवून सरांना थोडं ऐकवायची. त्या रविवारी ऐकून झाल्यावर सर म्हणाले, "आईले दे फोन." मी घेतला. "प्रज्ञा, करंगळी आठ दिवसांत नाही सुधरत. सारी अक्षरं एकसारखी काळी कशी होऊन राहिली?"

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"बंद कर ते. अन् पोरीले सांग, का मी केलं होतं म्हणून. तिले वाटून राहिलं असन का बोट बरं झालं."

मी बंद केलं, पण सांगितलं नाही. हिंमत झाली नाही. जुईही काही बोलली नाही. पुन्हा रडत, चिडत, तिनं दोन बोटांना कामाला लावलं. वर्षभरात शेजारचं बोट पूर्ण आलं. करंगळी अजून थोडी हळू पडते, पण डॉक्टरांनी हात बघून समाधानानं मान डोलावली. सर दर रविवारी ऐकायचे. गाणं कुठलं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. "आज दोन जागी मागं राहिली करंगळी," एवढंच सांगायचे, आणि तेवढंच बरोबर निघायचं.

मागच्या हिवाळ्यात सर गेले. झोपेतच. तेरवीहून परतल्यावर मी बॅगही न उघडता जुईला समोर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. सरांनी सांगायला लावलं होतं, मी वर्षभर टाळलं, हेही सांगितलं.

जुई म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आई. माझं बोट आहे, मला नाही कळणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू कित्येक महिन्यांनी गुणगुणत होतीस." "म्हणून त्या रविवारी मी सरांना एकट्या करंगळीनं वाजवून दाखवलं. म्हटलं, ते ओळखतील आणि तुला बंद करायला सांगतील."