भाईंची दोरी

"बेसुं छुं, बेसुं छुं," बसतो, बसतो, असं भाई म्हणायचे आणि उभेच राहायचे. एका हातात चहाचा कप, दुसरा हात घोडीच्या मानेवर. इथल्या पुकेकोहे गावच्या बाजारात तुमच्यातल्या कितीतरी जणांनी त्यांच्याकडून कांदे घेतले असतील. आठवून बघा. पोत्यांच्या मागे एक स्टूल असायचं आणि स्टुलावर त्यांची टोपी. टोपी बसायची, ते नाही.

माणूस गुजराती, पण जन्म इथलाच. वडिलांनी कांद्याची शेतं घोड्यांनी नांगरलेली. पुढे ट्रॅक्टर आला, घोडे गेले, पण ह्यांची सवय गेली नाही. म्हातारपणी एकच करडी घोडी उरली होती. नाव डुंगळी, म्हणजे कांदा.

मी म्हटलं, "भाई, घोडीला कोणी कांदा म्हणतं होय?"

"मारा घरमां बधुं डुंगळीनुं छे," म्हणाले. माझ्या घरातलं सगळंच कांद्याचं.

मी माथेरानला चाळीस वर्षं घोडे चालवले. शाळा चौथीपर्यंत. २०१२ ला मुलानं आम्हा दोघांना इकडे परदेशात आणलं. दुसऱ्या हिवाळ्यात बायको गेली. मुलगा कॉम्प्युटरवाला, सून नोकरी करणारी, दोघं स्वभावानं चांगली. पण दिवसभर एकच, "बाबा, बसा. आराम करा." बसलं की ती आठवायची. उभं राहिलं तरी आठवायची, पण पाय हलत असले की जरा सोसतं. असाच एक दिवस मागच्या कुंपणाशी फेऱ्या मारत होतो आणि लिदीचा वास आला. कुंपण ओलांडून वासाच्या मागे गेलो.

भाई घोडीचा खूर धरून उभे होते. मी न विचारता तो माझ्या हातात घेतला. म्हटलं, "नाल ढिली आहे." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. हिंदी-गुजराती मिसळून विचारलं, कुठला, काय करत होतास. मग म्हणाले, "बेस." मी म्हटलं, नको. त्यानंतर त्यांनी मला कधी बस म्हटलं नाही. माझं नाव त्यांनी ठेवलं घोडावाळा.

जानेवारीत, इथल्या उन्हाळ्यात, ते घोडी घेऊन तळ्याकाठी कॅम्पिंगला जायचे. मला बरोबर न्यायला लागले. मुलगी त्यांची नर्स. गाडीच्या मागे फ्लोट, म्हणजे घोड्याचा डबा, जोडून ती आम्हाला सोडायची आणि तिसऱ्या दिवशी न्यायला यायची. तिकडे नुसता गवताचा माळ, पुढे पाणी, पाण्यावर काळे हंस. सकाळी भाई डुंगळीवर बसून काठाकाठानं जायचे. बसलेले मी त्यांना तेवढेच बघितले. घोडीवर बसले की त्यांच्या अंगातली सगळी वळवळ थांबायची. डुंगळीही रस्ता न विचारता चालायची.

मुलीचं एक ठरलेलं वाक्य होतं. निघताना खिडकीतून बोट दाखवून म्हणायची, "डॅड, एकदा जरी पडलास ना, घोडी जाणार. आय मीन इट."

"स्वीट ॲज," म्हणजे एकदम ठीक, असं भाई म्हणायचे आणि मला डोळा मारायचे.

त्या डोळ्यांचीच गोष्ट आहे. एका सकाळी फ्लोटच्या दारावर माझं जॅकेट लटकत होतं. भाई त्याला "किया ओरा, घोडावाळा" म्हणाले, किया ओरा म्हणजे इथला रामराम, आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. मी मागून हसलो. मग हसू थांबलं. ते वळून म्हणाले, "कोणाला बोलू नको. ही घोडी गेली तर मी काय करू, सांग." मी बोललो नाही. मला वाटलं, थोडं धूसर दिसत असेल, ह्या वयात कोणाला नीट दिसतं.

तळ्यावर पोचलं की भाईंचं पहिलं काम म्हणजे फ्लोटपासून झाडापर्यंत दोरी ताणायची, छातीच्या उंचीवर. दोरीवर कडी, कडीला घोडी. घोडी इकडून तिकडे फिरते. झाडाच्या बुंध्याशी आमचा तंबू. मला ती पद्धत पटायची नाही. आमच्याकडे घोडा बांधायचा म्हणजे अगाडी-पिछाडी. तोंडाकडची दोरी एका खुंटीला, मागच्या पायाची दुसऱ्या खुंटीला. घोडा जागचा हलत नाही.

शेवटच्या वर्षी दुसऱ्या संध्याकाळी वारा सुटला. शेजारच्या लोकांचे घोडे निघून गेले होते, म्हणून डुंगळी एकटी पडून दोरीवर सारखी येरझारा घालायला लागली. मला भीती, मान अडकवून घेईल. भाई तंबूत आडवे झाले होते. मी त्यांना उठवलं नाही. माझ्या अकलेनं घोडी सोडली, अगाडी-पिछाडी बांधली, आणि भाईंची दोरी सोडून, नीट गुंडाळून फ्लोटमध्ये ठेवली. घरी बायको म्हणायची, तुम्हाला दुसऱ्याचं काही जागच्या जागी राहू देववत नाही. खोटं नव्हतं.

सकाळी मी नळावर बादली भरत होतो. चांगलं उजाडलं होतं. भाई तंबूतून बाहेर आले आणि त्यांनी हात पुढे केला, छातीच्या उंचीवर. हात हवेतच राहिला. त्यांनी डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ती दोरी घोडीसाठी होती त्याहून जास्त त्यांच्यासाठी होती. तिला धरूनच ते रोज घोडीपर्यंत पोचत होते.

"भाई, थांबा," मी ओरडलो. वारा उलटा होता. त्यांनी पाऊल टाकलं, पाय पिछाडीत अडकला आणि ते पडले. डुंगळीच्या पायाला जन्मात कोणी दोर बांधला नव्हता. ती बिथरली, खुंट्या उपटून सरळ पाण्यात घुसली. सगळे हंस उठले.

घोडीला मी कमरेएवढ्या पाण्यातून काढली. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. भाईंचं मनगट मोडलं होतं.

दुपारी मुलगी आली. तिनं काही विचारायच्या आत मी सांगितलं, "माय रोप. माय मिस्टेक." मला येतं तेवढं इंग्रजी. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी मान खाली घातली. पण मला तेच हवं होतं. भाईंनी नुसती मान डोलावली असती तरी घोडी वाचली असती. दोष माझाच होता, आणि तो मी घेतला होता.

भाई म्हणाले, "एनो वांक नथी. मने देखातुं नथी. दोढ वरसथी." त्याची चूक नाही. मला दिसत नाही, दीड वर्षापासून.

मुलीनं घडीची खुर्ची उघडली आणि त्यांच्या मागे ठेवली. ते बसले.

डुंगळी महिन्याभरात इथल्याच केंब्रिज गावाकडच्या एका बाईकडे गेली. फ्लोट रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "कशाला बोललात? मी सांगितलं होतं ना, माझी चूक."

म्हणाले, "तुझ्यावर घातलं असतं तर तू परत इकडे आला असतास? उभ्यानं चहा पिणारा दुसरा कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी मी ती दोरी त्यांच्या मागच्या दारापासून घोडीच्या रिकाम्या हौदापर्यंत ताणली. अर्ध्यावर त्यांनी एका हातानं आणि दातानं गाठ मारली. दिवसभर तिला धरून जायचे आणि यायचे. गाठ हाताला लागली की म्हणायचे, "अडधुं थयुं." अर्धं झालं.

२०१८ च्या हिवाळ्यात भाई गेले. मुलीनं परवा विचारलं, "अंकल, दोरी काढू?" मी म्हटलं, राहू दे.

दुपारी सून म्हणते, "बाबा, बसा ना." मी म्हणतो, "बसतो, बसतो," आणि कुंपण ओलांडतो. डोळे मिटतो, दोरीला हात लावतो. गाठ लागली की म्हणतो, अडधुं थयुं. मग पुढे चालू लागतो.