छपरावरची वीज

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढे हात जोडले तरी हे शब्दांत कधी आणलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. आत्ताच दोन ओळी लिहून खोडल्या.

आधी वसंतकाकांबद्दल सांगते. त्यांच्याशिवाय पुढचं कळणार नाही — आणि खरं सांगू, त्यांच्याबद्दल बोलत राहिले की माझ्याबद्दल बोलणं तेवढंच लांबतं.

आमचं गाव मुरूडहून आगरदांड्याला जाताना लागतं. नवरा फौजेत, सिग्नलच्या कामाला. वायरी, बॅटऱ्या यातलं त्याला सगळं कळतं. वर्षातून दोनदा घरी यायचा. आमच्याकडे लाईट कधीही जाते, हे त्याच्या मनाला लागायचं. एका सुट्टीत त्याने स्लॅबवर सोलरची चार पॅनेलं बसवली, मागच्या खोलीत इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या. जाताना म्हणाला, "मी वर बर्फात असताना तू नि पोर अंधारात बसलायत, एवढं डोक्यात नको."

पुढच्याच पावसाळ्याच्या तोंडावर वादळ आलं. मुलगी तीन वर्षांची होती. आदल्या दिवशी दुपारी वारा वाढत चालला, तेव्हा शेजारचे वसंतकाका शिडी घेऊन आमच्या स्लॅबवर चढले. साठी उलटलेली. सगळा जन्म लाँचवर खलाशी म्हणून गेलेला, दोराची गाठ त्यांच्या हाताला पाठ. मी खालून ओरडत होते, काका, राहू द्या, उतरा. ते म्हणाले, "पोरी, फौजी तिकडं हाय. हितं कोन बघनार?" तीन तास ते वर होते. एकेक पॅनेल त्यांनी जहाजाच्या जाड दोराने स्लॅबवरच्या खांबांना आवळलं.

तेवढ्या वेळात त्यांना स्वतःच्या घराची कौलं बघता आली असती. नाही बघितली. दुसऱ्या दिवशी त्यांचं अर्धं छप्पर उडालं. आमचं एकही पॅनेल हललं नाही.

वादळानंतर विजेचे खांब भातासारखे आडवे झाले होते. लाईट कधी येईल, कोणी सांगू शकत नव्हतं. अख्ख्या आळीत वीज होती ती फक्त माझ्याकडे. मी दार उघडं ठेवलं. लोक मोबाईल घेऊन आले, टॉर्च घेऊन आले, कोणी मिक्सर घेऊन आलं. ओटीवर वायरींचं जाळं झालं. आभाळ भरलेलं, बॅटऱ्या धड चार्ज होत नव्हत्या, तरी मी कुणाला नाही म्हटलं नाही. तीन दिवस. चौथ्या दिवशी एका बाईचा फोन पुरता चार्ज झाला नाही, तर ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तुम्हाला काय, फौजीवाल्यांना सगळं फुकटच मिळतं."

मी खूप दमले होते. मुलगी तापाने कण्हत होती, नवऱ्याचा फोन लागत नव्हता. पण हे सांगताना माझ्याच लक्षात येतंय, की मी तुमच्याकडून माफी काढून घ्यायला बघतेय. दमलेल्या काय मी एकटीच होते? ज्यांची घरं गेली, ते दमले नव्हते?

त्याच संध्याकाळी मी ओटीवरच्या वायरी काढल्या आणि सांगितलं, इन्व्हर्टर जळला.

जळला नव्हता. दार लावून घेतलं, आतल्या खोलीत पंखा लावला आणि मुलीला घेऊन पडून राहिले. किती बरं वाटलं, तेही सांगते. चार दिवसांत पहिल्यांदा घरात कोणी नव्हतं.

एवढंच असतं तर मी आज लिहायला बसले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला वसंतकाका आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत काकूंचं वाफ घ्यायचं मशीन. काकूंना दम्याचा जुना त्रास. उडालेल्या छपरावर काकांनी ताडपत्री टाकली होती, पण घर सगळं ओलं. त्या ओलीत काकूंचा दमा उसळला होता. काकांनी बाहेरूनच विचारलं, "पोरी, दहा मिनटं चालंल का गं कायतरी करून? तिला बसल्या जागी धाप लागल्ये."

मी आत पंखा बंद केला. मग दार उघडलं.

त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांच्या तळहातांवर दोराचे काच अजून लाल होते. आणि मी म्हणाले, "काका, कालच जळला हो इन्व्हर्टर."

का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता त्याला चव राहिली नाही. त्यांना नाही म्हणायचं माझ्या मनात नव्हतं. पण त्यांना हो म्हटलं असतं तर सगळ्या आळीला कळलं असतं, की काल मी खोटं बोलले. दरवर्षी पंधरा ऑगस्टला शाळेत मला खुर्ची देतात, फौजीची बायको म्हणून नारळ देतात. ती बाई खोटारडी निघाली असती. काकूंचा श्वास एका बाजूला होता आणि माझी अब्रू दुसऱ्या बाजूला — आणि मी अब्रू उचलली.

काकांनी माझ्यावर जरासुद्धा संशय घेतला नाही. उलट म्हणाले, "ऱ्हाऊंदे, ऱ्हाऊंदे. तू जीवाला लावून घेऊ नको. अंधारात भ्या वाटलं तर पोरीला घेऊन आमच्याकडं ये." मग ते अंगण ओलांडून गेले. सावकाश गेले, वाटेत माड आडवा पडला होता. मला हाक मारता आली असती. पुरेसा वेळ होता. मी दाराची कडी धरून उभी राहिले.

तासाभराने आळीतल्या चौघांनी काकूंना खुर्चीत बसवून नेलं. रस्त्यावर झाडं पडलेली, गाडी यायला वाट नव्हती. तीन किलोमीटर तसंच नेलं, पुढे कोणाचा तरी टेम्पो मिळाला. काकू वाचल्या. पंधरा दिवस दवाखान्यात होत्या. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, छातीत जोर राहिला नाही. त्यानंतर अंगणातल्या विहिरीपर्यंतही त्या एका दमात चालू शकल्या नाहीत.

नवरा सुट्टीवर आला तो पहिल्यांदा वसंतकाकांच्या पाया पडला. त्यांच्यासाठी गरम कोट आणला होता, फौजेतला. काका सगळ्यांना दाखवत फिरले. इन्व्हर्टर जळल्याचं नवऱ्याने आळीत ऐकलं होतं; मग मागच्या खोलीत जाऊन त्याने तो उघडला. बराच वेळ बघत होता.

"काय जळलं होतं?" त्याने विचारलं.

"फ्यूज."

"बदलला कोणी?"

मी चहा टाकायला गेले. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. त्याला कळलं असेल. मलाही कधी त्याला विचारायचं धाडस झालं नाही.

पुढे लाईट गेली, की मीच काकूंना आणायला जायचे. हाताला धरून आणायचे, मशीन लावायचे, वाफ संपेपर्यंत शेजारी बसायचे. लोक म्हणायचे, पोटच्या मुलीनं केलं नसतं एवढं. काकू जाताना माझ्या गालावरून हात फिरवायच्या. म्हणायच्या, "तू हायस म्हनून मी हाय." दर वेळी हेच. चार वर्षं मी ते ऐकून घेतलं. एकदाही म्हटलं नाही की काकू, थांबा, मला काहीतरी सांगायचंय.

गेल्या माघात त्या गेल्या. आता त्यांना सांगता येणार नाही. काकांना सांगता येईल, ते भिंतीपलीकडेच आहेत. पण मी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं, त्यांना नाही. ह्याचा अर्थ काय होतो, तो मला कळतो.

आज सकाळी लाईट गेली होती. काकांनी अंगणातून विचारलं, "पोरी, तुज्याकडं हाय ना गं वीज?"

मी म्हटलं, आहे.