फुसाएने दार लावून घेतलं

शिओकावात चोऱ्या होतच नाहीत, असं म्हटलं तर ते खोटं होईल. मागे एक सायकल गेली होती. घरोघर फिरणाऱ्या आळीच्या पत्रकात ती बातमी ठळक छापून आली, आणि पुढच्या पत्रकात तळाला बारीक अक्षरांत आलं की सायकल स्टेशनमागे सापडली, मालकच ती तिथे लावून विसरला होता. असलं हे शहर. टोकियोची माणसं इथे येऊन राहतात ती यासाठीच. आली की आधी दारांना नवी कुलपं बसवतात, आणि वर्ष सरत नाही तोच त्यांचीही दारं आमच्यासारखी उघडी राहायला लागतात. बाजारातून परत यावं तर उंबऱ्यात कुणीतरी मुळ्यांची जुडी ठेवून गेलेलं असतं. कोण ते विचारायचं नाही, चवीवरून कळतं.

फुसाए इवानागाला मात्र पक्कं ठाऊक होतं, की या शहरात चोरी होते. रोज होते, संध्याकाळची जेवणं झाली की होते, आणि चोरीला जातो तो तिचा नवरा.

नवरा म्हणजे शोझो. नवराबायको दोघंही मासळीच्या वड्यांच्या कारखान्यातले. ती कोळ्याची पोर, शाळा सुटली तशी वड्या बांधायच्या टेबलावर लागली, तो वाफेच्या मशीनवर. लग्न मुकादमीणबाईंनी जमवलं, कारण जमवून घ्यायला शोझोला तोंडच नव्हतं. संसारभर तो तिला ‘ए’ म्हणत आला आणि तिच्या बोलण्याला ‘हं’ म्हणत आला. होकाराचा ‘हं’ वेगळा, नकाराचा वेगळा, आणि ऐकलंच नसल्याचा तिसरा. फुसाएने हे तिन्ही ओळखायला शिकून घेतलं होतं आणि आपल्या नवऱ्याचा स्वभावच तसा, अशी समजूत घालून ती सुखात होती.

नोकरी संपल्यावर शोझो आळीच्या राखणीत शिरला. पिवळं जाकीट, दंडाला फीत, हातात लाकडाच्या दोन दांड्या. जोडीने आळीभर फिरायचं, दांड्या एकमेकींवर वाजवायच्या आणि ‘विस्तव सांभाळा, दारं सांभाळा’ असं ओरडायचं. पूर्वी त्याच्या जोडीला म्हातारा नोमुरा होता, तोवर कुणाची तक्रार नव्हती. नोमुराचे गुडघे गेले आणि आळीच्या मंडळाने त्याच्या जागी समोरच्या घरातली तोमिको कुझे दिली. तोमिको विधवा, ओसाकात संसार करून माहेरच्या घरी परतलेली, फुसाएपेक्षा चांगली आठदहा वर्षांनी लहान. राखणीला निघताना ओठ रंगवायची. कानामागून आली नि तिखट झाली!

“चोर नाही, दरोडा नाही, मग रोज राखता तरी काय?” फुसाएने एकदा विचारलं.

“राखतो म्हणून चोर नाहीत,” शोझो म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच होतं.

“आणि ती कशाला बरोबर? चोराला हसवून मारायला?”

“हं.” तिसरा ‘हं’.

हसण्याचं ती उगाच म्हणाली नव्हती, ते घरापर्यंत ऐकू यायचं. फुसाए भांडी घासताना नळ बारीक करून कान लावायची. दांड्यांच्या आवाजावरून तिला कळायचं, आता न्हाव्याच्या दुकानापाशी, आता पुलावर. देवळाच्या वळणावर आवाज थांबायचा. थांबायचा तो थांबायचाच. आणि मग त्या शांततेत तोमिकोचं ते ओसाकाचं हसणं, खो खो खो. बरं, मुळात तिला हसवत कोण होतं? तिथे दुसरं होतं कोण? उभ्या जन्मात ज्याने बायकोला एकदा हसवलं नाही, तो देवळापाशी उभा राहून परक्या बाईला हसवतो! फुसाएच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बशी पुन्हा घासायची, तीच, पुन्हा.

अशाच एका संध्याकाळी तिने ठरवलं, आज दार लावून घ्यायचं. येऊ दे बाहेरून, सापडू दे बंद. विचारू दे, काय झालं. दोनदा विचारलं तरच उघडायचं.

सरकत्या दाराला मधोमध पिळून बसवायची पितळी कडी होती. मागच्या मोठ्या वादळानंतर तिला कुणी हात लावला नव्हता. फुसाएने तेल सोडलं, अंगातलं सगळं बळ लावलं आणि दात खाऊन ती पिळली. मग ओसरीत दिवा तसाच ठेवून पायरीवर बसून राहिली.

रागाच्या भरात ती एक गोष्ट विसरली. मागच्या हिवाळ्यात पलीकडच्या गल्लीतल्या एकट्या म्हाताऱ्याचं दार असंच आतून लावलेलं सापडलं होतं, दिवा चालू, आणि म्हातारा न्हाणीघरात मरून पडलेला. तेव्हापासून राखणीचा नियम झाला होता: आत दिवा आणि दाराला कडी, तर थांबायचं नाही, सगळ्यांना गोळा करायचं. नियम केला होता शोझोनेच.

तो आला. दार ओढलं. पुन्हा ओढलं. फुसाएने मान ताठ केली, आता विचारेल. आणि मग दांड्या कडाडल्या. टकटकटकटक, न थांबता, आग लागल्यासारख्या.

घराघरांतून माणसं धावली. कुणी चपला न घालता, कुणी तोंडात घास असताना. “इवानागांचं दार बंद आहे!” “बंद? कडी घालून?” “अरे देवा, काल तर चांगली होती!” चौकीवरचा तरुण पोलीस निशिवाकी सायकल टाकून आला.

फुसाए भेदरून उठली आणि कडीला भिडली. कडी हलेना. तेल पिऊनही ती आखडलेलीच होती, आणि घालताना जो राग अंगात होता तो काढताना उरला नव्हता. बाहेर शोझो दारावर मुठी मारत होता. “फुसाए! फुसाए!” नाव घेऊन. किती वर्षांनी ते नाव त्याच्या तोंडून आलं, हे तिला आठवेना, आणि लाजेने तिला ओ देता येईना. शेवटी स्वयंपाकघरातून पक्कड आणून तिने कडी पिळली आणि दार सरकवलं.

समोर अख्खी आळी. शोझोचं तोंड पांढरंफटक.

“आजी, ठीक आहात ना?” निशिवाकीने विचारलं. “कडी कशाला घातली? चोर आला होता का?”

“आला होता,” फुसाए म्हणाली. तिचाच आवाज तिला ओळखू येईना. “आला होता नाही, उभीच आहे ती इथे. रोज माझा नवरा घेऊन जाते आणि देवळापाशी उभं राहून हसते.”

सगळ्यांनी खाली पाहिलं. निशिवाकीने टोपी सारखी केली. असला गुन्हा त्याला शिकवलेला नव्हता.

तोमिकोचं तोंड लालबुंद झालं. पण ती ओसाकाची, गप्प बसणारी नव्हे.

“फुसाए-सान, तुमचे हे माझ्याशी काय बोलतात ते तरी विचारा! देवळापर्यंत तुमचं मुळ्याचं लोणचं आणि देवळापासून पुढे तुमचा दुखरा गुडघा. तुम्ही गाणं म्हणत वड्या बांधायच्या, ते ऐकू यावं म्हणून हे मुद्दाम वाफेचं मशीन बंद पाडायचे, मुकादमाच्या शिव्या खायचे. मी हसते ते त्या गोष्टींना. माझ्या नवऱ्याने माझ्याबद्दल असं एक वाक्य कधी कुणापाशी काढलं नाही. जळायचं तर मी जळायला हवं, आणि जळते हो, अगदी रोज जळते!”

शेजारणींनी डोळे पुसले. सगळ्यांना वाटलं, आता फुसाए विरघळणार. पण फुसाए पहिल्यापेक्षा जास्तच भडकली. मशीन? मुद्दाम बंद पाडायचा? तिला तर तेव्हा वाटायचं, मशीनच नादुरुस्त आहे.

“खरं आहे हे?” तिने नवऱ्याला विचारलं.

“हं.” पहिला ‘हं’.

“मग मला का नाही सांगितलंत? तिला सांगायला तोंड आहे, मला सांगायला नाही?”

शोझोने दांड्या या हातातून त्या हातात घेतल्या. “तुला काय सांगायचं?” तो खरोखरच बुचकळ्यात पडला होता. “तू तर घरातच असतेस.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, शोझो बाहेर गेलेला पाहून, फुसाए समोरच्या घरी गेली. तोमिको तिला पाहून घाबरलीच. फुसाएने वाकून माफी मागितली, रीतीप्रमाणे, अगदी खाली वाकून, आणि तिला आपल्या घरी घेऊन आली. चहा केला. मुळ्याचं लोणचं काढलं.

“आता सांगा,” ती म्हणाली. “पहिल्या संध्याकाळपासून सांगा. काही गाळू नका.”

तोमिको सांगू लागली. लग्नाच्या दिवशी फुसाएची मान किती गोरी दिसत होती, ती आजारी पडली तेव्हा शोझो जिन्यात बसून कसा रडला होता, तिच्या हातच्या भाताला कसा सुवास येतो. फुसाए मध्येच म्हणायची, “आणखी?” आणि तिचा कप भरायची.

जन्मात तिला इतका आनंद कधी झाला नव्हता, आणि समोर बसलेल्या बाईचा इतका राग तर कधीच आला नव्हता.