पानामास्तरनं हात मोजले

लोक त्याला पानामास्तर म्हणत. नळ गळो, मोरी तुंबो, हा पाना घेऊन हजर. गावातली लुथरन पंथाची ख्रिस्ती मंडळी सुरू झाली ती त्याच्याच पाइपांच्या गोदामात, एकतीस वर्षांपूर्वी. पहिल्या रविवारी सातजण, पाइपांच्या जुड्यांवर अवघडून बसलेले. पाळक दूरच्या शहरातून महिन्यातून एकदा यायचे. एरवी मास्तर छापील प्रवचन अडखळत वाचायचा आणि त्याची बायको गीताचा सूर धरायची. पेटीबिटी काही नव्हती, तिचा गळा हीच पेटी. "बाप्तिस्म्याला पाणी लागतं, म्हणून देवानं नळवाला गाठला," असं म्हणून ती हसायची.

साताचे सत्तर झाले. गोदामामागे सभागृह उभं राहिलं, मास्तरच्या घराला जवळजवळ खेटूनच. पुढे कायमच्या पाळकबाई आल्या. आणि दोन वर्षांपूर्वी बायकोचं उजवं अंग लुळं पडलं. तेव्हापासून दर रविवारी मास्तर तिची खाट खिडकीशी ओढायचा. पलीकडे गीत सुरू झालं की तिचा डावा हात खाटेच्या दांडीवर ठेका धरायचा. तेवढा तासभर ती आजारी नसायची.

आता सभागृह अपुरं पडू लागलं. पुलापलीकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला, ऐसपैस जागा मिळत होती. उपासना झाल्यावर सभा भरली.

मास्तर एक शब्द बोलला असता तर सगळे थांबले असते, पण तो शब्द त्यानंच बांधून ठेवला होता. वीस वर्षांपूर्वी पाववाल्याला मंडळी आपल्या भट्टीवरच्या माडीत न्यायची होती, भाड्यानं. तेव्हा मास्तरनं ठराव करून घेतला होता : ज्याचा स्वतःचा मतलब असेल, त्यानं तोंड उघडायचं नाही, हात वर करायचा नाही. त्यानं हात मोजायचे.

"बोल की रे," पाववाला म्हणाला. "रोप तू लावलंस, आणि आज मुका?"

"मला बोलता येत नाही. नियम आहे."

"कुठला?"

"तुझ्यासाठी केलेला."

हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, नव्या इमारतीचे नळ कोण बसवणार? मास्तरच! म्हणून गप्प."

पुन्हा हशा. हा गैरसमज खोडायचा तरी बोलावंच लागणार. मास्तरनं पाळकबाईंकडे पाहिलं. त्याही हसत होत्या.

हात वर झाले. पुढच्या रांगेत न्हाव्याची मुलगी होती, तिला पहिलं गीत मास्तरच्या बायकोनंच शिकवलेलं. तिचाही हात वर. मास्तरनं मोजले. मग चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजले. बाजूनं त्रेचाळीस, विरोधात सव्वीस. त्यानं आकडा मोठ्यानं सांगितला, आणि टाळ्या पडल्या.

घरी आला तेव्हा बायको जागीच होती.

"टाळ्या... कसल्या?"

"नवी जागा ठरली. पुलापलीकडे."

तिनं खिडकीकडे पाहिलं.

"तुम्ही... बोललात?"

"माझा मतलब होता ना. कसा बोलणार?"

"मग काय केलंत?"

"हात मोजले."

त्यानं तिची उशी सारखी केली, सारखीच होती ती. "पाळकबाई घरी येतील, प्रभुभोजन द्यायला. महिन्यातून एकदा."

"आणि... गाणार कोण?"

"मी म्हणेन की."

इतकी वर्षं गीताच्या वेळी तिनं या बेसूर माणसाला मागच्या रांगेत बसवलं होतं. तिच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. मास्तरही हसला. मग दोघांचंही हसणं थांबलं.