बोटीएवढ्या पलंगाची मच्छरदाणी

मिन ओबियेरो, म्हणजे ओबियेरोची आई, तोंडाला आवर घालणाऱ्यांतली नव्हती. तळ्याकाठी ओमेनाचे बारीक मासे वाळत घालणाऱ्या बायका तिला टरकून असत. पण मुलाचं लग्न झाल्यापासून त्याच्या निजायच्या खोलीकडे तिने मान वळवूनही पाहिलं नव्हतं. आईने मुलाचा पलंग बघायचा नाही आणि सुनेने सासूपुढे पलंगाचं नाव काढायचं नाही. तळ्याकाठच्या आम्हा लुओ लोकांच्या घरांत याच्याइतकी लाजेची गोष्ट दुसरी नाही.

सून अपोंदी असेम्बो भागातली, म्हणून सासू तिला माहेराच्या नावानेच हाक मारी. तिचं पहिलं मूल हिवतापाने पोटातच गेलं होतं. म्हणून पुन्हा दिवस राहिले आणि दवाखान्यातून निळी मच्छरदाणी मिळाली, तेव्हा सासूने ती स्वतः डोक्यावरून घरी आणली, औषधाचा वास उडावा म्हणून सावलीत वाऱ्यावर टाकली आणि दारातूनच सुनेच्या हातात दिली.

"असेम्बोवाले, चारी बाजूंनी गादीखाली जाते ना गं?" दुसऱ्या दिवशी तिने अंगणातून विचारलं.

"हो, आई."

"नीट खोचतेस ना?"

"हो, आई."

जात नव्हती. ओबियेरोने जुन्या बोटीच्या फळ्या ठोकून पलंग केला होता, आणि बोट करणाऱ्याच्या हाताला लहान काही जमत नाही. मच्छरदाणी एका बाजूला ओढली की दुसरी बाजू उघडी पडे. पण एवढा रुंद पलंग कशाला लागतो, असं सासूने विचारलं असतं तर? त्यापेक्षा डास परवडले, असं अपोंदीला वाटलं.

ते परवडले नाहीत. पोट दिसू लागलं आणि ताप चढला. ओबियेरोने तिला भाड्याच्या मोटरसायकलवर चालवणाऱ्याच्या आणि आपल्या मधे बसवून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, हिवतापच निघाला. गोळ्यांनी ताप उतरला. पोटातलं मूल हाललं, तेव्हा अपोंदी बाकावर बसून लहान पोरीसारखी रडली.

संध्याकाळी ती पलंगावर पडली होती. बाहेर मातीच्या भिंतीला पाठ टेकून कुणीतरी बसल्याचा आवाज आला.

"मी तळ्याकडे तोंड करून बसलेय," सासू म्हणाली. "तू मला दिसत नाहीस, मी तुला दिसत नाही. माझ्या मच्छरदाणीत डास येत नाही, तुझ्या दाणीत येतो. का ते भिंतीला सांग. मी काही ऐकलं नाही."

अपोंदीने डोळे मिटले. "भिंती," ती म्हणाली, "पलंग बोटीएवढा आहे. दाणी पुरत नाही."

 मग म्हातारी खोकली, की हसली, कळलं नाही. खिडकीतून सुतळी आत आली. "जेवढी कमी पडते तेवढ्यावर गाठ मार. आणि दाणी काढून दे."

सासूच्या पेटीत अंगाभोवती गुंडाळायचा एक लाल-पिवळा छापील लेसो होता. मेल्यावर तो आपल्या अंगावर घालायचा, असं तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. कडक इस्त्रीचं ते कापड तिने उभं फाडलं आणि मच्छरदाणीच्या काठांना शिवलं. निजायची वेळ व्हायच्या आत दाणी खिडकीतून परत आली. अपोंदीने काठ गादीखाली खोचले. चारी बाजूंनी.

मुलगी झाली. चांगली वजनदार, आणि आवाज आजीचा. न्हाऊन-माखून ती त्या लाल-पिवळ्या काठांच्या आत झोपायची आणि अपोंदी तिच्याकडे बघत राहायची. जिने हे केलं तिला हे कधीच दिसणार नाही, याचं तिला वाईट वाटे.

एका दुपारी तिने मच्छरदाणी सोडली, अंगणातल्या आंब्याच्या फांदीला बांधली, खाली चटई घातली आणि मुलीला आत निजवलं. मग सासूला हाक मारली.

म्हातारी आली. मच्छरदाणीभोवती हात फिरवत एक चक्कर मारली. "ही बोट नाही, असेम्बोवाले. ही फेरीबोट आहे," ती म्हणाली. अपोंदीने हातांनी तोंड झाकलं.

मग ती काठ उचलून आत शिरली, नातीशेजारी आडवी झाली आणि काठ हाताने चटईखाली सारला.

"आई, तुमच्यासाठी नवा लेसो घेऊ," अपोंदी बाहेरून म्हणाली. "तुमचं ऋण माझ्याने फिटायचं नाही, पण तेवढं तरी."

"नको," आतून आवाज आला. "मेलेल्या अंगाला काय कळणार होतं? हळू बोल. पोर झोपलीय."