पऱ्हाटीचं झाड आणि धुळ्याचे पाहुणे

खरं तर हे मी सांगायचं नाहीये. रूथने मला तशी शपथ घातली आहे. पण नाताळच्या सजावटीचे किस्से पलंगाखाली लोटलेल्या कागदाच्या कपट्यांसारखे असतात. एक ओढायला जावं, तर चार बाहेर येतात. शिवाय मी फारशी बोलत नाही, म्हणून सगळे माझ्यासमोर बिनधास्त बोलतात. यात माझा काय दोष?

रूथ आमच्या शेजारची. जळगावला दवाखान्याच्या क्वार्टर्समध्ये आम्ही भिंतीला भिंत लावून राहतो. माझे बाबा कंपाउंडर, तिची आई नर्स. तिच्या आईला आम्ही सिस्टरमावशी म्हणतो. रूथची मोठी बहीण सुवार्ताताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडते. मागच्या नाताळला तिला बघायला धुळ्याहून पाहुणे येणार होते. मुलगा शाळेत मास्तर, नाव प्रभाकर. ताईने त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती बाकी कुठल्याच स्थळाचं नाव काढू देत नव्हती. पण मुलाच्या आईने आधीच निरोप धाडला होता, की मुलगी हाताची कसबी हवी.

आणि ताईच्या हातात कात्री दिली, तर कागदाच्या आधी बोट कापलं जातं!

सिस्टरमावशीने तोड काढली. सगळी सजावट घरीच करायची. ती रूथ, मंगला आणि मी करायची. पाहुण्यांना मात्र सांगायचं, की सगळं ताईने केलं.

* * *

मंगला आमच्या वर्गातली. गाव पहूर, इथे मामाकडे शिकायला असते. नाताळचं झाड जळगावात कुठे मिळणार, म्हणून आम्ही काळजीत, तर ती म्हणाली, झाड माझ्याकडे लागलं. रविवारी गावाहून आली ती वाळलेली पऱ्हाटी घेऊनच. कापूस वेचून झाला, की शेतात उरतं ते झाड. एरवी ते चुलीत जातं.

एसटीत कंडक्टरने तिला विचारलं, जळगावातलं सरपण संपलं का?

"जाळायची न्हाई, भाऊ. देवाच्या वाढदिवसाला हाये," मंगला म्हणाली.

कंडक्टरने पऱ्हाटीला हात जोडले आणि एका माणसाला उठवून त्या झाडाला खिडकीजवळची जागा दिली. मंगला पहूरपासून जळगावपर्यंत उभीच होती.

* * *

झाड आलं, आता त्यावर बर्फ पाहिजे. दवाखान्यातला कापूस घरी येणार नाही, असं सिस्टरमावशीने ठणकावलं. मग मंगलाच्याच घरचा कापूस आला आणि आम्ही नखांनी सरकी काढत बसलो. पण बर्फ झाडावर कसा बसतो, हे कोणी पाहिलं होतं? रूथ म्हणाली, पातळ लावा. मंगला मूठमूठ लावत सुटली. म्हणाली, पीक दिसायला भरलेलं हवं.

सगळं झाल्यावर ती चार पावलं मागे सरकली आणि झाडाकडे बघत राहिली.

"एका झाडाला एवढा कापूस लागला असता ना, तर आबांनी मला इंग्लिश शाळेत घातलं असतं."

* * *

घंटा कशाच्या करायच्या, हा पुढचा प्रश्न. इंजेक्शनच्या बाटल्यांना चकचकीत टोपणं असतात. ती फेकूनच देतात. बाबांनी मला पिशवीभर आणून दिली. दोऱ्यात ओवली, की छान किणकिणतात. आम्ही ओवायला बसणार, तोच सिस्टरमावशी ड्यूटीवरून आली. तिने पिशवी घेतली आणि सगळी टोपणं पातेल्यात टाकून स्टोव्हवर चढवली. पाणी खळखळ उकळलं, तरी ती काढेना. रूथ वैतागली. म्हणाली, अगं, झाडाला लावायची आहेत, पेशंटला नाही.

"बाळ जन्माला येणार आहे," मावशी शांतपणे म्हणाली, "तिथे जंतू नकोत."

* * *

ताईने काहीच केलं नाही, असं मात्र नाही. पतंगी कागदाच्या साखळ्या चिकटवायला तिने खळ शिजवून दिली. खळ मस्त झाली. साखळ्या ओट्यावर वाळत घातल्या. तासाभराने येऊन बघतो, तर मागच्या गल्लीतली शेळी निम्म्या साखळ्या खाऊन उरलेल्या चाटत उभी! कागद खाणारी शेळी आम्ही पाहिली होती. पण मिटक्या मारत खाणारी नव्हती पाहिली. रूथने खळीत बोट बुडवून चाटलं आणि ताईकडे बघितलं. पीठ शिजताना दिसलं, की ताईचा हात आपोआप मिठाकडे जातो.

"फोडणी तेवढी राहिली," रूथ म्हणाली.

* * *

पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं, याची तालीम माझ्यावर आली. मी मुलाची आई व्हायचं, ताईने उत्तरं द्यायची. मी मान खाली घालून विचारलं, साखळी कशी केली? ताई म्हणाली, ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं.

"मोठ्याने बोला," ताई म्हणाली, "लाइन क्लिअर नाही."

* * *

नाताळच्या दुपारी पाहुणे आले. प्रभाकर, त्याचे काका आणि त्याची आई. काकांना सगळे नाना म्हणत, आईला अक्का. अक्कांनी आल्या आल्या करंज्यांचा डबा पुढे ठेवला. नानांनी लगेच एक उचलली. म्हणाले, आमच्या वहिनींसारखी मुरड धुळ्यात कोणी घालत नाही. अक्का झाड बघत होत्या, आम्ही पुन्हा केलेल्या साखळ्या बघत होत्या. मग त्यांनी ताईला विचारलं,

"हाई बठ्ठं तुना हातनं शे का?"

सिस्टरमावशी हो म्हणणार होती. पण ताईने आधी प्रभाकरकडे पाहिलं आणि मग अक्कांकडे.

"नाही, अक्का. हे या तिघींनी केलं. मला भुसावळहून मुंबई जोडता येते, पण कागदाला कागद जोडता येत नाही. चालत नसेल तर आत्ताच सांगा. खोटं सांगून मला तुमच्या घरी यायचं नाही."

रूथने माझं मनगट इतकं दाबलं, की बांगडी पिचली. अक्कांनी डबा स्वतःकडे ओढला आणि त्यावर झाकण लावलं. संपलं, असं आम्हाला वाटलं. मग अक्का हळूच म्हणाल्या,

"ह्या करंज्याभी मना हातन्या नही. मना पोऱ्याना हातन्या शेतस."

नानांच्या तोंडातली करंजी तोंडातच राहिली. प्रभाकर मास्तर कानापर्यंत लाल झाले.

ताईने डबा उघडला. एक करंजी उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि मुरड या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिली. मग एक्स्चेंजमध्ये विचारते तशा स्वच्छ आवाजात तिने विचारलं,

"दर नाताळला कराल?"

आणि त्यावर ते जे म्हणाले ना, ते तर... थांबा हं, रूथ हाक मारतेय. ताईला हळद लावायला सगळ्या अंगणात जमल्यात आणि मी अजून इथेच!